डाव्या काखेतल्या उजेडानंतरची वाटणी

माझ्या वारसांनो, तुम्हा सर्वांची माझ्याविरुद्ध एकच तक्रार आहे: मी अपेक्षित वेळी मेले नाही. तक्रार रास्त आहे. म्हणून आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, कुणाच्याही दबावाखाली न येता (दबाव बराच होता) मी हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. तुम्ही माझ्या हयातीत, वकिलाला विचारून, परस्पर केलेली वाटणी याद्वारे रद्द समजावी.

कारण नोंदवते. डाव्या स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन होऊन वर्ष झाल्यावर मी फ्लूची लस घेतली. परिचारिकेने उजवा दंड मागितला, मी हट्टाने डावा पुढे केला. सहाव्या दिवशी, कर्करोग परतलाय का ते पाहणारा पेट स्कॅन होता. अर्जावर ‘नुकतीच लस घेतली का?’ यापुढे सूनबाईंनी ‘नाही’ लिहिले. त्यांना ठाऊक नव्हते, आणि मी तेव्हा रांगेतल्यांसमोर रुग्णालयातल्या अपुऱ्या बाकांविषयी भाषण करत होते. स्कॅनमध्ये डाव्या काखेतल्या ग्रंथी लख्ख उजळल्या. अहवाल आला: रोग पसरल्याची शक्यता.

घर चिरंजीवांना. त्या आठवड्यात ते माझी खोली टेपने मोजताना सापडले. “सहजच गं, आई,” म्हणाले. मधली भिंत पाडल्यास घर सूनबाईंचे.

ध्वनिक्षेपक धाकट्या भावजींना. त्यांनी माझ्या शोकसभेच्या भाषणाचा सराव न्हाणीघरात केला. आवाज घुमतो, भावजी. तिसऱ्या परिच्छेदातला ‘मितभाषी’ हा शब्द काढल्याशिवाय यंत्र मिळणार नाही.

सगळी पुस्तके आणि कपाटाची किल्ली सूनबाईंना. रडल्या त्या एकट्याच. आणि स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे मला पुन्हा घेऊन गेल्या त्याही त्याच.

बाईंनी स्कॅनच्या चित्रातली काख मोठी करून पाहिली.

“आजी, इतक्यात लस घेतलीत? कुठल्या हाताला?”

“डाव्या.”

“ऑपरेशनही त्याच बाजूचं. उजवा का नाही दिलात?”

“दुखला असता. उजवा मला भाषणाला लागतो.”

बाई हसल्या नाहीत. लस टोचली की त्या बाजूच्या ग्रंथी कामाला लागतात, स्कॅनआधी टोचलेली साखर जास्त खातात आणि यंत्रात कर्करोगासारख्याच चमकतात, असे त्यांनी समजावले. खात्री मात्र आठ आठवड्यांनी, दुसऱ्या स्कॅननंतरच. ते आठ आठवडे मी भाषण केले नाही, हे सर्वांना आठवत असेल. परवा दुसरा स्कॅन झाला. काख शांत आहे.

चूक माझी, हे इथे कबूल करते. आयुष्यभर लढणाऱ्यांची बाजू घेतली, आणि माझेच शरीर लढत होते तेव्हा त्याला शत्रू समजले. पण तुमचीही सुटका नाही. तुम्ही वकिलाला विचारलेत, टेपला विचारलेत. मला कुणी विचारले नाही.

तपासण्या अजून संपलेल्या नाहीत. तेव्हा आज जेवायला बसण्याआधी माझी फाईल उघडा, मला विचारा आणि पहिल्याच पानावर ठळक लिहा: कोणती लस, कोणत्या तारखेला, कोणत्या हाताला.

सही: तुमची आई, सासू आणि वहिनी
साक्षीदार: समोरची शिंपीण, वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन
स्थळ: आमचे स्वयंपाकघर
दिनांक: १४ मार्च