बोर्डवरचे आजोबा

रविवार संध्याकाळ, शॉमबर्ग

आज इथल्या, परदेशातल्या रविवारच्या मराठी शाळेत 'माझे आजोबा' हा निबंध लिहून घेतला. नेहमीसारखी पाच वाक्यं मीच, मुलांच्या 'मावशी'ने, बोर्डवर लिहून दिली. अकरा वह्यांत अकरा सारखेच आजोबा. ईराच्या वहीतही तेच, 'आजोबा मला रोज गोष्ट सांगतात.' अगं, तिचे आजोबा गेल्याच महिन्यात वारले! रोज गोष्ट सांगतात...

"ईरा, असं का लिहिलंस?"

"बट मावशी, तुम्ही बोर्डवर तसंच लिहिलं होतं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईघाईने बोर्ड पुसला. म्हटलं, "तुला खरंच जे वाटतं ते लिही."

"पण कसं?"

बारा वर्षं निबंध शिकवतेय, आणि हे एकदाही शिकवलेलं नाही. मला तरी येतं का? तास संपेपर्यंत ती पेन्सिल धरून नुसती बसून राहिली. मीही.