यादीतली भगवती

मंगळवार, संध्याकाळी सात

फायली मी उडवल्या म्हणे! सात वर्षं ऑफिसातले सगळे नकाशे माझ्या कॉम्प्युटरवर आहेत, एक हरवला नाही. आज सकाळपासून बाकीचे तिघे नेटवर्कच्या यादीत 'भगवती' उघडतायत, तर आत काहीच नाही. भगवती म्हणजे माझंच मशीन. माझ्यासमोर तर सगळं जागच्या जागी! पण त्या तिघांतल्या प्रकाशने मला विचारलंही नाही. सरळ कदम साहेबांना जाऊन सांगितलं, "नंदाने वाट लावली."

वायर काढ, घाल, बंद कर, चालू कर. जेवणाचा डबा तसाच राहिला. शेवटी वायर बघायला साहेबांच्या नव्या मशीनमागे हात घातला, तर बोटाला कुंकू लागलं. काल संध्याकाळी नारळ फोडून पूजा केली ना त्याची! तेव्हा कुठे त्याचं नाव बघितलं. भगवती! साहेबांनी ऑफिसातल्या पहिल्या मशीनला, म्हणजे माझ्या, कुलदेवीचं नाव दिलं, तेच यालाही. एका नावाची दोन मशीनं, मग यादीत माझं दिसणार कसं? सगळे उघडत होते ते साहेबांचं नवं, रिकामं! हे मला आधी का नाही सुचलं?

साहेबांना सांगितलं, तर म्हणतात, "देवीचं नाव मी बदलणार नाही. तुझ्याचं बदल." सॉरी? कुणाच्या तोंडून नाही. प्रकाश तर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला.

दोनदा साबण लावला, नखातलं कुंकू जात नाहीये.

बदललं मी नाव. उद्यापासून नकाशा हवा असेल, तर यादीत 'नंदाचीचूक' शोधायचं आणि उघडायचं. सगळ्यांनी. साहेबांनीसुद्धा. रोज.