पणजीचा नारळ

अयोध्या नगर, भोपाळ
रविवार

ती. सुमित्रावन्संना प्रमिलाचा नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? जिन्याचा नाद सोडा. इकडे आमची तब्येत उत्तम, म्हणजे माझी. ह्यांचं बोलणं बंद झालं आहे, पण घसा ठीक आहे. (फोनवर सांगितलं असतं, पण आमचा फोन हेच आधी उचलतात.)

आमच्या मराठी मंडळात महिन्यातून एकदा कोणीतरी बाई जुन्या काळची लिहिणारी, गाणारी, रंगवणारी बाई होऊन येते, ‘मी’ म्हणून बोलते आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देते. गेल्या महिन्यात मंजूषा जोग कीर्तनकार झाली आणि टाळ्या संपायच्या आधीच पुन्हा सुरू झाली. या वेळी मी तुमच्या पणजी, भागीरथीबाई, निवडल्या. सव्वाशे वर्षांपूर्वी स्वतः शोधून काढलेल्या पदार्थांची वही लिहायची, कडेला वेलबुट्ट्या काढायच्या, म्हणजे काय थोडं झालं? नऊवारी, नथ, मांडीवर वही, असा थाट केला. जिचा प्रयोग चांगला होईल ती चार इमली या बड्या वस्तीतल्या अधिकाऱ्यांच्या क्लबात जाणार होती, हेही तुमच्यापासून लपवत नाही.

मंडळाचे अध्यक्ष भालचंद्रराव यांचा एकच नियम आहे: शाल-नारळ हातात पडेपर्यंत भूमिका सोडायची नाही. सोडली की चार इमली विसरा.

भाषण छान झालं. मग नागपूरच्या गौरीने विचारलं, पणजी, आमटीत गूळ घालत होतात का? वहीत लिहिलंय तसं मी म्हणाले, लिंबाएवढा. तर तिसऱ्या रांगेतून हे उभे! “चूक आहे. आमच्या घरात आमटीत गूळ पडत नसे.”

वन्सं, चौतीस वर्षांत मी ह्यांचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. पण त्या घटकेला मी ह्यांची पणजी होते. तोंडातून निघून गेलं, “काश्या, पणजीला शिकवतोस? इकडे ये, आधी पाया पड!” आणि तुमच्या आईंचं वळण असं, की हे खरंच आले आणि वाकले.

सभागृह कोसळायचं बाकी होतं. इथे नारळ मिळाला असता तर सगळं निभावलं असतं. पण भालचंद्रराव पाहुण्यांना आणायला हबीबगंज स्टेशनवर गेलेले, गाडी चाळीस मिनिटं लेट आणि नारळ त्यांच्या डिकीत! मंजूषा पहिल्या रांगेत बसून मी कधी चुकते याची वाट बघत होती. मी काय करणार? पणतवाला समोर बसवून ठेवलं. ओला टॉवेल पलंगावर टाकणार नाही, असं कबूल करवून घेतलं. शेजारच्या शर्माभाभी ओरडल्या, “दादी, इनसे कहिए, गाड़ी हमारे गेट के सामने न लगाया करें!” तेही सांगितलं. प्रत्येक वेळी हे मान खाली घालून म्हणत होते, “हो, पणजी.”

नारळ मिळाला, निवडही झाली. पण तेव्हापासून घरात एकच वाक्य ऐकू येतं: “पणजी, मीठ द्या.”

बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार.

तुमची,
प्रमिला

ता. क. चार इमलीच्या बायकांना पणजी पणतवासकट हवी आहे. पणतू नसेल तर मंजूषाला बोलावणार आहेत. हे फक्त तुमचं ऐकतात. थोरल्या बहिणीच्या अधिकाराने एक फोन करा, म्हणजे झालं. पत्र खरं तर एवढ्यासाठीच.

ता. क. २. फोन करू नका. काल पत्र पाकिटात घालताना हे स्वतःहून तयार झाले, पण पणतू म्हणून नाही, पणजोबा म्हणून! न्यू मार्केटमधून मिशा आणल्या आहेत आणि सकाळपासून आरशासमोर “भागीरथे, पाणी आण!” चाललंय. तरी कृपा करून ह्यांना एक कार्ड टाका, की पणजोबांनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच मौनव्रत घेतलं होतं आणि ते शेवटपर्यंत पाळलं. स्पीड पोस्टने पाठवा.