कमी म्हणजे नेमकं किती?

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझी कंबर आणि भावजींचा स्वभाव, दोन्ही सुधारले असतील अशी आशा. मी ठीक आहे. म्हणजे असेन. तेच विचारायला लिहितोय. सगळा दवाखाना तुला सिस्टर म्हणतो, पण खरा भाऊ मी एकटाच, तेव्हा आधी नर्स म्हणून वाच आणि बहीण म्हणून मागाहून रागाव. (आधी हे पत्र ‘माझ्या एका मित्राला’ असं सुरू केलं होतं. पण मला मित्र नाहीत हे तुला ठाऊक आहे.)

आमच्या चष्म्याच्या दुकानासमोर रक्ततपासणीची लॅब आहे. तिथल्या बाई चष्मा सैल झाला म्हणून आल्या, मग तो सारखाच सैल व्हायला लागला, आणि गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी... ताई, मी चाळिशी ओलांडली आता, समजून घे. घ्यायची ती काळजी घेतली होती. (पाकिटावरच्या सूचनाही वाचल्या. चष्मा लावून.) त्याआधी बाईंनी सरळ सांगितलं होतं की मला कधीमधी ओठावर पुळी येते, हर्पीसची, आत्ता नाहीये, पण तुला माहीत असावं. मी मान डोलावली. त्या वेळी त्यांनी माझं दुकान मागितलं असतं तरी डोलावली असती.

दुसऱ्या दिवशी डोक्यात किडा शिरला. फोनवर वाचत बसलो. एकीकडे लिहिलंय, पुळी नसताना धोका कमी. दुसरीकडे, कमी, पण शून्य नाही. अगं, कमी म्हणजे किती? आमच्या धंद्यात पाव नंबरसुद्धा नंबरच असतो! मग काचेवरचे ओरखडे बघायचं भिंग घेऊन न्हाणीघरात गेलो, तर नको तिथे लाल ठिपका. भिंगाखाली तो टोमॅटोएवढा दिसला. डॉक्टरांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं आणि म्हणाले, घामोळं आहे, पावडर लावा. म्हटलं, रक्त तरी तपासा. तर म्हणे, लक्षणं नसताना त्या तपासणीने गोंधळच वाढतो. हा विषाणू कित्येकांना लहानपणीच घरच्यांच्या पाप्यांतून मिळालेला असतो आणि त्यांना पत्ताही नसतो. म्हणजे मला नाही, की झालाय, की आधीपासूनच होता? आणि रक्त द्यायचं तरी कुठे? समोरच्याच लॅबमध्ये ना! सुई धरणार कोण?

या गोंधळात माझ्या हातून फार वाईट गोष्ट घडली. बाई दुकानात चहाला आल्या होत्या. त्या गेल्यावर मी त्यांचा कप चिमट्याने धरून उकळत्या पाण्यात टाकला, आणि नेमक्या त्या विसरलेली छत्री न्यायला परत आल्या. कपाकडे पाहिलं, छत्री घेतली, गेल्या. तेव्हापासून त्यांचा चष्मा एकदाही सैल झालेला नाही. ताई, त्या ठिपक्यापेक्षा हेच जास्त झोंबतंय. ज्यांनी खरं सांगितलं, त्यांचाच कप मी चिमट्याने धरला. माझ्यासारखा गाढव मीच.

हे पत्र भावजींना दाखवू नकोस. ते सल्ला देतील.

तुझा,
काही न कळणारा धाकटा

ता. क. मुख्य विचारायचं राहिलंच. डॉक्टर विचारत होते, लहानपणी ताप आला की घरात कोणाच्या ओठावर पुळ्या यायच्या का? मला काही आठवत नाही. तुला आठवतं का?

ता. क. २. पाकीट चिकटवणार इतक्यात बाई स्वतःच आल्या. मी माफी मागितली, चिमट्यासकट. त्यांनी पत्र हातातून घेऊन उभ्याउभ्या वाचलं. भिंगापाशी हसल्या, कपापाशी हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मला ते सांगताना किती धीर गोळा करावा लागला असेल, हे नाही का रे फोनवर शोधलंस?” रविवारी जेवायला येईन म्हणाल्या, पण जिला एवढं सगळं कळवलंस ती ताईही हवी, ही अट. तेव्हा ये.

ता. क. ३. वर उगाच साळसूदपणा केला. मला पक्कं आठवतंय. पुळ्या तुला यायच्या, आणि सगळ्या घरात पाप्या घ्यायचीस त्या माझ्याच. रविवारी जेवताना हे तू त्यांच्यासमोर सांगशील का? मी सांगितलं तर पुन्हा बाईमाणसावरच ढकलतोय असं होईल.