भाऊजींचा पौष्टिक पाला

३ मार्च, मंगळवार
भाऊजी उगवले! कित्येक महिन्यांनी आईची आठवण झाली. हातात पिशवी, पिशवीत वाळका पाला. ‘येर्बा माते’ म्हणे — सातासमुद्रापलीकडचा चहा. माझ्या या धाकट्या दिराने त्याची एजन्सी घेतली आहे. याआधी चुंबकाच्या गाद्या होत्या, त्याआधी हवा शुद्ध करणारे दिवे. जगाच्या तब्येतीची भारीच काळजी या माणसाला!

“वहिनी, अँटिऑक्सिडंट्स नुसते ठासून भरलेत. आणि खनिजं! एका कपात अख्खं टॉनिक.”

सासूबाईंनी पाल्यासोबतच आलेल्या भोपळ्याच्या पेल्यातून, धातूच्या नळीने, डोळे मिटून घोट घेतला. कडू असणार, कपाळावर आठी उमटलीच. तरी म्हणाल्या, “अमृत आहे रे.” माझ्या कुठल्याही पदार्थाला आजवर ‘बरं आहे’च्या वरचा शेरा मिळालेला नाही.

५ मार्च, गुरुवार
आजही भाजी बेचव झाल्याची तक्रार. होणारच! सासूबाईंच्या किडन्या थकल्यात. डॉक्टरांनी बजावलंय — रक्तातलं पोटॅशियम वाढता कामा नये, वाढलं तर हृदयाला धोका. म्हणून मी भाज्या चिरते, भिजवते, उकडते आणि सगळं पाणी फेकून देते. पोटॅशियम पाण्यात उतरतं ना! उरतो तो ओला पुठ्ठा. तो मी प्रेमाने वाढते.

“चव कुठे गेली गं?”

मोरीत गेली, आई.

८ मार्च, रविवार
भाऊजी आता रोज येतात. थर्मास घेऊन बसतात, पेल्यात पुन्हा पुन्हा गरम पाणी ओततात. मायलेकांच्या गप्पा रंगतात. गवताचं पाणी ते, त्याने काय होणार, असं म्हणून मीही हसून घेतलं. ह्यांनी एक घोट घेतला, “छान आहे” म्हणाले आणि उरलेला कुंडीत ओतला. त्या झाडाची प्रकृती आता ठणठणीत होईल.

१४ मार्च, शनिवार
रिपोर्ट आला. पोटॅशियम चढलंय. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. “भाज्यांचं पाणी टाकता ना नीट?”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे! ह्यांचीसुद्धा. वर भाऊजी म्हणतात, “वहिनी, जरा लक्ष द्यायला हवं हं.” सासूबाई पंख्याकडे बघत बसलेल्या. घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडला आणि रडले. इतकं करून शेवटी हेच!

१६ मार्च, सोमवार
छापखान्यात दिवसभर औषधांच्या खोक्यांवरचा बारीक मजकूर तपासला. पोटापाण्याचा उद्योगच तो. घरी आले, ओट्यावर भाऊजींचं पाकीट. सवयीने उलटं केलं. पुढे अँटिऑक्सिडंट्स, हे मोठ्ठे, हिरवेगार. मागे खनिजं, मुंगीएवढ्या अक्षरात. मॅग्नेशियम, मँगनीज, जस्त — आणि या सगळ्यांच्या आधी पोटॅशियम!

भाज्यांचं पाणी आम्ही फेकतो आणि चोथा खातो. याचा चोथा फेकतो आणि पाणी पितो! या घराच्या अकलेला तोड नाही. त्यात माझीही आली.

डॉक्टरांना फोन लावला. “किती कप घेतात?”

“कप नाही डॉक्टर, थर्मास.”

“बाकीच्यांनी खुशाल प्यावा. त्यांचा आत्ताच्या आत्ता बंद करा आणि उद्या सकाळी रक्त तपासायला आणा.”

१७ मार्च, मंगळवार
रक्त देऊन आलो. औषध वाढवलंय, धोका टळेल म्हणतात. सगळ्यांना सांगितलं. हे म्हणाले, “अरेरे.” एवढंच! जन्माचा जोडीदार.

भाऊजी म्हणाले, “पण वहिनी, हे नैसर्गिक आहे!”

“साप पण नैसर्गिकच असतो, भाऊजी.”

थर्मास उचलून निघून गेले. माझ्याबद्दल जे बोलले होते, त्याबद्दल एक अक्षर नाही.

१८ मार्च, बुधवार
भाऊजी आले नाहीत. फोनही नाही. सासूबाई दाराकडे बघून जेवल्या.

२१ मार्च, शनिवार
दुपारी औषध देताना सासूबाई एकदम म्हणाल्या, “पोटॅशियम आहे ते मी वाचलं होतं गं. पहिल्याच दिवशी.”

मी गोळी बाजूला ठेवली. मग प्यायलात कशाला? आणि डॉक्टरांसमोर सगळे मला बोलत होते, तेव्हा गप्प का बसलात?

“त्याला नको म्हटलं असतं तर तो यायचा बंद झाला असता.” माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, “तू कुठे जातेस!”

राग आला. खूप आला. हात मात्र सोडवून घेतला नाही.