दाऊदचाचांची पुरचुंडी

प्रिय अब्बा,

तुम्हाला जाऊन चार महिने झाले. आज खोर फक्कानला दाऊदचाचांना भेटून आले आणि आल्या आल्या लिहायला बसले. माफी मागायची आहे, ती तुमचीच.

शारजातलं तुमचं कापडाचं दुकान म्हणजे आपल्या गावकऱ्यांची बँकच, नाही का? मुहैस्नाहच्या कामगारांच्या कॅम्पातून शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, यायचे सगळे. कुणी बायकोसाठी घेतलेली चेन ठेवायचं, कुणी लेकीच्या बांगड्या. रुमालात बांधून, गाठ मारून. ना पावती, ना सही! कुणाच्या लेकीचं लग्न कधी, तुम्हाला तोंडपाठ. आणि मला मात्र दर वर्षी विचारायचात, "नाझ, यंदा कितवीला गं तू?" खरं सांगू? फार राग यायचा.

मग मी बँकेत लागले, कम्प्लायन्समध्ये, सगळं नियमात बसतं का ते तपासायला. मोठी शहाणी झाले! "अब्बा, रिस्की आहे हे. उद्या कुणी म्हणालं, माझं कमी भरलं, तर? खलास करा." तुम्ही वाद घातला नाहीत. एकेकाला बोलावून अमानत परत केलीत. मग शुक्रवारी दुकानात कुणी फिरकेना. तुम्ही एकटेच चहा पीत बसायचात आणि मला वाटायचं, बरं झालं, आराम मिळतोय. कसं कळलं नाही हो मला?

परवा तुमचं कपाट आवरताना एक पुरचुंडी सापडली. वर दाऊदचाचांचं नाव. त्यांची तेवढी राहिली होती.

मी काय केलं असेल? पावती टाइप करून नेली! चाचांनी ती वाचली आणि माझ्याकडे बघतच राहिले. मी म्हटलं, "चाचा, उघडून बघा तरी, सगळं आहे ना."

"तुझ्या बापाकडून आलंय आणि मी उघडून बघू? काय बोलतेस गो पोरी!"

म्हातारा रडायलाच लागला. मीही रडले, अब्बा. तुम्ही गेलात त्या दिवशी धावपळीत रडायचं राहूनच गेलं होतं.

निघताना त्यांनी पुरचुंडी परत माझ्याच हातात दिली. "ईदनंतर इन्शाल्ला कायमचा गावाला जातोय. तोवर रूमवर कुठे ठेवू? तू ठेव."

"मी?"

"मग कोण? त्याचीच ना तू?"

बँकेत रोज इतके लोक माझ्यासमोर सह्या करतात. सही न घेता माझ्या हातात कुणी काही ठेवलं, ते आज पहिल्यांदाच.

गाठ सोडणार नाही, अब्बा. वजनही करणार नाही. चाचा निघतील त्या दिवशी, आहे तशी त्यांच्या हातात देईन.

तुमचीच,
नाझ