पिठातली पावलं

रविवार, लालबाग

नवीन जपानी अ‍ॅनिमे मालिकेचा पहिलाच भाग डोक्यात गेला. मेलेल्या बाईच्या खोलीत पीठ पसरतात, सकाळी त्यात पावलं दिसतात, आणि हिरो हसून म्हणतो, उंदीर. एवढंच रहस्य?

बाबा गेले तेव्हा त्यांचा पुढचा जन्म कळावा म्हणून आम्हीही दिव्याजवळ पीठ पसरलं होतं. त्यात बारीक पावलं उमटली. आई म्हणाली, "चिमणी झाले गो ते." तेव्हापासून ती रोज गॅलरीत तांदूळ टाकते.

आज माझा भाऊ नितीन स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "ताई, आपल्याकडेपण उंदीरच होता."

गाढव. अक्कल आजच पाजळायची होती?

पार्टिशनमागे आई भाकरी थापत होती. तो आवाज थांबला, तो अजून सुरू झालेला नाही.